सिलोनचे प्रेषित संत जोसेफ वाझ : परदेशच्या धर्मकार्याची पूर्वतयारी

प्रभूच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामाचा जुबिली महोत्सव साजरा होत असतां, गत काळाबद्दल आभार मानणें हें जसें आपलें कर्तव्य आहे, तसेंच पुढील पिढीच्या हातीं आपण काय सोंपविणार याचा विचार करणें हेंही आपलें कर्तव्य आहे. परदेशीं जाऊन, थोड्या काळासाठीं कां होईना, ख्रिस्तसभेची सेवा करावी अशी इच्छा आज तरुण मंडळींच्या मनांत उत्पन्न होते, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. परंतु इच्छा निराळी आणि तयारी निराळी. प्रवासाचे कागद, कपड्यांची पेटी आणि तिकिटाचे पैसे यांची जमवाजमव झाली म्हणजे तयारी झाली, अशी समजूत सहज होऊन बसते. खरी तयारी कशास म्हणावें हें ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें असे एक थोर पुरुष गोमंतकांत होऊन गेले. ते सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, प्रेषित संत जोसेफ वाझ होत. त्यांचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु सिलोनांत त्यांच्या हातून घडलेल्या अद्भुत गोष्टीच बहुधा सांगितल्या जातात. तेथें पाऊल ठेवण्यापूर्वीं गुरुदीक्षेपासूनचीं जीं अकरा वर्षें गेलीं, त्यांकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. या लेखांत आम्ही विशेषेंकरून त्या वर्षांकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्याच्या साष्टी प्रांतांतील बाणावली गांवीं आपल्या आजोळीं झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे राहणारे. आईचें नांव मारिया द मिरांडा. ब्राह्मण कुळांतून ख्रिस्ती झालेलें हें घराणें गांवांत प्रतिष्ठित असून धर्माचरणांत दक्ष होतें. याच साष्टींत, जोसेफ यांच्या जन्मापूर्वीं, इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें आयुष्य वेंचलें होतें. येथील लोकांची भाषा शिकून त्यांनीं रचलेलें क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून प्रसिद्ध झालें, आणि साष्टीच्या देवळांतून तें गाइलें जाऊं लागलें. समुद्रापलीकडून आलेल्या एका माणसानें आपली भाषा शिकून आपणांस तारणाची कथा सांगितली, हें साष्टीच्या लोकांवर एक ऋणच होतें. जोसेफ वाझ यांनीं तें ऋण पुढें दुसऱ्या एका समुद्रापलीकडे जाऊन फेडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

सांकवाळास पोर्तुगीज आणि बाणावलीस लॅटिन भाषा शिकून झाल्यावर वडिलांनीं त्यांस गोवा शहरांत पाठविलें. तेथें जेज्विटांच्या संत पावलाच्या विद्यालयांत साहित्य आणि डोमिनिकनांच्या संत थॉमसच्या विद्यालयांत तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान यांचा अभ्यास त्यांनीं पुरा केला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनीं पायांतील जोडे सोडले आणि गरिबांप्रमाणें अनवाणी चालूं लागले. उपदेशक म्हणून व पापनिवेदन ऐकणारे गुरु म्हणून त्यांची कीर्ति थोड्याच काळांत पसरली. मोठ्या शहरांत मानाची जागा मिळविणें त्यांस कठीण नव्हतें. परंतु त्यांनीं सांकवाळास येऊन, ज्या मुलांस पुढें सेमिनरींत जावयाचें होतें त्यांच्यासाठीं लॅटिनची शाळा उघडली. दुसऱ्यांस तयार करणें हें त्यांच्या धर्मगुरुपदाच्या अगदीं पहिल्या कामांपैकीं एक काम होय, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. सांकवाळ येथेंच ५ ऑगस्ट १६७७ रोजीं त्यांनीं एक दानपत्र लिहून स्वतःस पवित्र माता मारियेचा कायमचा दास करून घेतलें. जो मनुष्य स्वतःचा मालक राहिला नाहीं, त्यास कोठेंही पाठवितां येतें.

याच सुमारास सिलोनांतील कॅथलिक लोकांच्या हालअपेष्टांची वार्ता गोव्यांत ऐकूं येत होती. डच लोकांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगीजांपासून घेतलें. पोर्तुगीज सत्तेबरोबर कॅथलिक धर्मही नाहींसा करावा असा त्यांचा बेत होता. धर्मगुरूंस बेटाबाहेर घालविण्यांत आलें, देवळें काल्व्हिनपंथी उपासनेकडे गेलीं, आणि कॅथलिक गुरूस घरांत आश्रय देणाऱ्यास कडक शिक्षा ठरविण्यांत आली. मेंढपाळावांचून उरलेलीं तीं मेंढरें पवित्र मिस्सा व पापनिवेदन यांस मुकलीं होतीं. वृद्ध लोक अंत्यसमयीं धर्मगुरूची वाट पाहत प्राण सोडीत होते. युरोपियन गुरु किनाऱ्यावर उतरतांच ओळखला जावयाचा. म्हणून हें काम करावयाचें तर तें ज्याचा वर्ण व चेहरा तेथील लोकांसारखा आहे अशा हिंदी धर्मगुरूनेंच करावें लागणार होतें. जोसेफ वाझ यांनीं तिकडे जाण्याची परवानगी मागितली.

परवानगी मिळाली नाहीं. १६८१ सालीं वरिष्ठांनीं त्यांस सिलोनऐवजीं कानडा प्रांतांत, म्हणजे मंगळूरच्या बाजूच्या किनाऱ्यावर, मुख्य धर्माधिकारी म्हणून धाडलें. तेथें पोर्तुगीज राजाच्या हक्काखालील धर्माधिकारी आणि रोमच्या धर्मप्रसारक मंडळानें नेमलेले बिशप थॉमस द कॅस्त्रो यांच्यांत अधिकाराविषयीं तंटा लागला होता. आपल्याच धर्मबंधूंत दोन पक्ष, आणि मध्यें गोंधळलेली भोळी मंडळी! ज्याच्या मनांत हौतात्म्याची उत्कंठा आहे त्यास असल्या कामांत घालणें म्हणजे वाघाच्या शिकारीस निघालेल्यास घरच्या भांडणांत बसविण्यासारखें होतें. परंतु फादर वाझ कुरकुरले नाहींत. गांवोगांव अनवाणी फिरून त्यांनीं संस्कार दिले, मुलांस धर्मशिक्षण दिलें, ओस पडलेलीं उपासनास्थानें पुन्हां सुरू केलीं, आणि दोन्ही बाजूंस दुखविल्यावांचून शांति राखण्याचा यत्न केला. लोकांनीं दिलेल्या अन्नावर निर्वाह करणें, परक्या मुलुखांत अनोळखी माणसांचा विश्वास संपादणें, आणि राग न येऊं देतां विरोध सोसणें हे धडे त्यांनीं येथें गिरविले. १६८४ सालीं ते गोव्यास परत आले तेव्हां सिलोनची ओढ किंचितही कमी झालेली नव्हती. उलट, आतां त्या ओढीस अनुभवाचा आधार मिळाला होता.

आतां तरी ते तडक निघाले असते. परंतु प्रभूनें त्यांच्याकडून आणखी एक काम करवून घेतलें, आणि तेंच आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें होय. त्या काळीं युरोपियन व्रतस्थ संघ गोमंतकीय तरुणांस बहुधा आपल्यांत घेत नसत. १६८२ सालीं फादर पाश्कोआल द कॉस्ता जेरेमियस यांनीं कांहीं गोमंतकीय गुरूंसह एकत्र राहून प्रार्थना व सेवा करण्यास आरंभ केला होता. जुन्या गोव्यांतील टेंकडीवरील चमत्कारी पवित्र क्रुसाचें देऊळ हें त्यांचें ठिकाण झालें. १६८५ सालीं जोसेफ वाझ त्यांस जाऊन मिळाले. सोबत्यांनीं त्यांसच प्रमुख निवडलें. त्यांनीं संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीचे नियम या लहानशा मंडळास लावून दिले, आणि प्रार्थना, अभ्यास, दारिद्र्य व उपदेश यांची शिस्त घालून दिली. हिंदी गुरूंचा हा पहिला धर्मसंघ होय. एकटा मनुष्य कितीही पवित्र असला तरी तो आजारी पडतो, पकडला जातो, मरतो. परंतु त्याच्या पाठीमागें एक घर असलें तर त्याची जागा भरून निघते. फादर वाझ यांनीं प्रथम हें घर उभें केलें, आणि मगच समुद्राकडे पाय वळविले.

१६८६ सालीं प्रमुखपद खालीं ठेवून ते निघाले. बरोबर दोन गुरु आणि जुआंव नांवाचा एक सेवक होता. शेवटच्या टप्प्यांत सर्वांनीं एकदम जाणें धोक्याचें असल्यामुळें केवळ जुआंवला घेऊन, १६८७ सालच्या वसंतांत, त्यांनीं तुतिकोरीनहून सिलोनकडे जाणारी नाव धरली. अंगावर झगा नव्हता. हमालाची लंगोटी होती. पवित्र मिस्सेचें साहित्य मात्र जपून लपविलेलें होतें. कुलीन घरांतील, दोन विद्यालयांत शिकलेल्या, संघाच्या प्रमुखपदावरून उतरलेल्या गुरूनें हा वेष घेतला. आणि तो वेष त्यांस शोभला, कारण अनवाणी चालणें व मागून खाणें हें त्यांनीं आदल्या दिवशीं शिकलेलें नव्हतें. सोंग घेतलेला मनुष्य चटकन ओळखूं येतो. ज्याचें जीवनच साधें आहे त्यास सोंग घ्यावेंच लागत नाहीं.

वाटेंत वादळानें नाव मन्नारकडे नेली. तेथून ते जाफन्यास पोंचले तों अंगांत त्राण उरलें नव्हतें. रक्तअतिसारानें ते इतके खंगले कीं रोगी भिकाऱ्यांत त्यांस टाकून देण्यांत आलें, आणि जुआंवही आजारी पडला. एका गरीब बाईनें पेज आणून दिली म्हणून दोघेही वांचले, असें जुनें चरित्र सांगतें. सिलोनच्या प्रेषितानें त्या बेटावर प्रथम दिलें कांहींच नाहीं. प्रथम घेतली ती एका दरिद्री बाईच्या हातची पेज. परदेशीं सेवेस जाणाऱ्यानें हें विसरूं नये. आपण देणारे व तेथील लोक घेणारे, असा अभिमान धरून जो जातो त्यास फार लवकर निराशा येते.

बरें वाटल्यावर गळ्यांत जपमाळ घालून फादर वाझ दारोदार भिक्षा मागूं लागले. ती माळ पाहून कोणाचा चेहरा उजळतो तें ते न्याहाळीत, आणि अशा रीतीनें लपलेले कॅथलिक लोक त्यांनीं एकेक करून हुडकून काढले. पुढें सिल्लालै गांवच्या निष्ठावंत लोकांनीं त्यांस आश्रय दिला. रात्रीं मिस्सा, रात्रीं पापनिवेदन, रात्रीं बाप्तिस्मे, आणि पहाट होण्यापूर्वीं ठिकाण बदलणें, असा क्रम सुमारें दोन वर्षें चालला. तमिळ भाषेचा त्यांनीं केलेला अभ्यास येथें उपयोगीं पडला. १६८९ च्या नाताळच्या रात्रीं डच शिपायांनीं जमलेल्या मंडळीवर छापा घातला. गुरु हातीं लागले नाहींत. परंतु लोक पकडले गेले, आणि काल्व्हिनपंथ सोडून आलेला दोम पेद्रू फटक्यांच्या माऱ्यानें मरण पावला. परक्या देशांतील सेवकाच्या चुकीची किंवा त्याच्या केवळ उपस्थितीची किंमत पुष्कळदां स्थानिक लोकांसच द्यावी लागते. म्हणून फादर वाझ यांनीं तेथें अधिक काळ राहून लोकांस संकटांत घातलें नाहीं. ते पुत्तलमकडे गेले, आणि १६९२ सालीं स्वतंत्र असलेल्या कँडीच्या सिंहली राज्यांत शिरले.

कँडींत लानेरोल नांवाच्या एका फ्रेंच काल्व्हिनपंथी गृहस्थानें ते पोर्तुगीजांचे हेर आहेत असें राजास कळविलें, आणि दुसऱ्या विमलधर्मसूर्य राजानें त्यांस अटकेंत टाकलें. तुरुंगांत पडलेल्या मनुष्यास वेळेवांचून दुसरें धन नसतें. फादर वाझ यांनीं त्या वेळेचा उपयोग सिंहली भाषा शिकण्याकडे केला. चाळिशी उलटल्यावर, तिसऱ्या-चौथ्या नव्हे तर पांचव्या भाषेचे धडे ते मुलासारखे गिरवूं लागले. कोंकणी, पोर्तुगीज, लॅटिन व तमिळ या त्यांस आधीं येतच होत्या. पहारे सैल होत गेले तसें त्यांनीं तेथेंच एक झोंपडीवजा देऊळ उभारलें, आणि कँडीचे कॅथलिक लोक तेथें जमूं लागले. पुढें अवर्षण पडलें असतां त्यांनीं उघड्या मैदानांत वेदी मांडून प्रार्थना केली व पाऊस आला, ही कथा श्रीलंकेंत आजही घरोघर सांगतात. राजानें त्यांस आपल्या मुलुखांत फिरण्याची मोकळीक दिली.

दहा वर्षें ते त्या बेटावर एकटेच धर्मगुरु होते. १६९६-९७ च्या सुमारास गोव्याच्या ऑरेटरींतून त्यांचे बंधु येऊन पोंचले. त्यांत त्यांचा भाचा फादर जोसेफ कार्व्हालो हाही होता. टेंकडीवरील घरानें आपलें वचन पाळलें होतें! इतक्यांत कँडींत देवीची सांथ पसरली. राजा व श्रीमंत लोक नगर सोडून गेले; रोग्यांस रानांत टाकून देण्यांत येऊं लागलें. फादर वाझ व त्यांचा भाचा मागें राहिले. ख्रिस्ती कोण व बौद्ध कोण हें न पाहतां त्यांनीं रोग्यांसाठीं आसरे केले, त्यांस अन्नपाणी दिलें, जखमा धुतल्या, आणि प्रेतें स्वतः उचलून पुरलीं. नव्यानें आलेल्या तरुण गुरूस मिशनकार्याचा पहिला धडा व्याख्यानांत मिळाला नाहीं. तो रोग्याच्या उशाशीं मिळाला.

कोचीनच्या बिशपांनीं सिलोनचे मुख्य व्हिकर म्हणून त्यांस नेमल्यावर त्यांनीं बेटाचे आठ विभाग पाडून प्रत्येकावर एक गुरु ठेवला. आलेल्या प्रत्येकानें प्रथम भाषा शिकावी, मग काम हातीं घ्यावें, असा त्यांचा आग्रह असे. या शिस्तीचें उत्तम फळ म्हणजे दिवाडी बेटावरील फादर जाकोम गोन्साल्व्हिस. १६०० च्या शतकाच्या अखेरीच्या पिढीचे हे विद्वान गुरु १६०५ नव्हे, तर १७०५ सालीं, म्हणजे वाझ यांच्या अखेरच्या दिवसांत सिलोनास आले. त्यांस सिंहलीच्या अभ्यासास लावण्यांत आलें. आणि त्यांनीं सिंहली व तमिळ या दोन्ही भाषांत इतके ग्रंथ रचिले कीं सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे ते जनक समजले जातात. स्वतः फादर वाझ यांनीं मागें मोठा ग्रंथसंभार ठेवला नाहीं. त्यांनीं ग्रंथकार मागें ठेवला.

१६ जानेवारी १७११ रोजीं, साठावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, कँडी येथें त्यांनीं आपला आत्मा प्रभूच्या हातीं दिला. चोवीस वर्षांत एकदांही ते गोव्यास परत आले नाहींत. त्यांची कबर नेमकी कोठें आहे हें आज कोणासही दाखवितां येत नाहीं. तथापि त्यांचें घर चालत राहिलें. पोर्तुगीज सरकारनें १८३४ सालीं व्रतस्थ संघ बंद करीपर्यंत गोव्याच्या त्या एका घरानें सिलोनला पिढ्यान् पिढ्या धर्मगुरु पुरविले. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं कोलंबो येथें त्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच नगरांत पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें. श्रीलंकेस लाभलेले हे पहिले संत होत.

प्रिय वाचकहो, या चरित्रावरून आपल्या तरुण मंडळींनीं काय घ्यावें? आमच्या मतें चार गोष्टी.

पहिली गोष्ट आज्ञापालनाची. सिलोन मागितलें असतां कानडा मिळाला, आणि त्यांनीं तो मनापासून स्वीकारला. ज्या तरुणास आपल्या वाड्यांतील म्हाताऱ्या आजारी माणसाकडे जाण्यास सवड होत नाहीं, त्यास दूरच्या देशांतील आजाऱ्यांची सेवा अचानक साधेल असें मानूं नये. दूरच्या सेवेची शाळा घराजवळच भरते.

दुसरी गोष्ट भाषेची. ज्या लोकांत जावयाचें त्यांची भाषा, निदान नमस्कार, आभार, भूक, तहान व प्रार्थना यांपुरती तरी, निघण्यापूर्वीं शिकून घ्यावी. परक्याची भाषा शिकणें म्हणजे त्याच्यापुढें मूल होऊन बसणें होय. ही नम्रता पुष्कळ उपदेशांपेक्षां अधिक बोलते.

तिसरी गोष्ट शरीराच्या व मनाच्या संवयींची. पानांत पडेल तें खाणें, पायीं चालणें, गैरसोय हंसतमुखानें सोसणें, हें सारें एका आठवड्याच्या शिबिरांत येत नाहीं. तें वर्षभर आपल्या घरांत, आपल्या आईच्या स्वयंपाकघरांत शिकावें लागतें. दुसऱ्यांच्या दारिद्र्याचा तमाशा पाहण्यास जाणाऱ्याच्या हातून कोणाचें कल्याण होत नाहीं. स्वतःच्या गरजा कमी करून जाणाऱ्याचें लोक स्वागत करितात.

चौथी गोष्ट तरुणांपेक्षां आम्हां वडील मंडळींस लागू आहे. पाठविणारें घर असल्यावांचून पाठविला जाणारा टिकत नाहीं. जुन्या गोव्यांतील तीं मूठभर माणसें रोज प्रार्थना करीत होतीं, नवीन गुरूंस तयार करीत होतीं, आणि सिलोनहून पत्र येण्याची वाट पाहत होतीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं सिलोनचा किनारा कधींही पाहिला नाहीं. तरी सिलोनचें श्रेय त्यांचेंही आहे. आपला धर्मग्राम असें घर होईल काय? मुलगा किंवा मुलगी विमानांत बसली म्हणजे आपलें काम संपलें असें न मानतां, जाण्यापूर्वीं त्यांस घडविणें, ते गेल्यावर त्यांच्यासाठीं जपमाळ म्हणणें, आणि परत आल्यावर त्यांचें म्हणणें शांतपणें ऐकणें हा भार आपण उचलूं काय? जुबिली वर्षांत देवळास रंग देणें चांगलें. परंतु या प्रश्नाचें उत्तर देणें त्याहून अधिक चांगलें.

वसईच्या भूमीनें संत गोन्सालो गार्सिया यांच्या रूपानें जपानला एक हुतात्मा दिला. गोव्याच्या भूमीनें सिलोनला प्रेषित दिला. या दोन्ही भूमींचा वारसा आपला आहे. संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीनें प्रभु आपल्या तरुणांस जाण्याची उत्कंठा देवो, थांबण्याचें धैर्य देवो, आणि थांबण्याच्या काळांत शिकण्याची बुद्धि देवो, हीच आमची पवित्र माता मारियेच्या चरणीं नम्र प्रार्थना.